जप्तीत न आलेली मालमत्ता

कात्रजच्या तळ्यावर मी रोज सकाळी फिरायला जातो. नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकात हे तळे बांधून घेतले आणि इथले पाणी जमिनीखालच्या नळातून पुण्यापर्यंत खेळवले. त्या पाण्यावर शनिवारवाड्यातली कारंजी उडाली, तशाच पेठांतल्या हौदांवर सामान्यांच्या घागरीही भरल्या. वाड्यातले पाणी वाड्यातच राहिले असते तर आज त्याची आठवण कुणी काढली नसती.

फिरून परतताना एका हार्डवेअरच्या दुकानावरच्या मजल्यावरून पेटीचा सूर आणि मुलांचे सा रे ग म कानावर येते. तो गाण्याचा क्लास चालवणाऱ्या बाईंनी मागच्या महिन्यात मला जिन्यातच गाठले. मी बँकेत होतो हे त्यांना कुणीतरी सांगितले होते. जागेचा भाडेकरार संपत आला होता, मालकाने भाडे जवळजवळ दुप्पट सांगितले होते आणि क्लास पुढे चालवावा की बंद करावा, हे हिशेब पाहून मी सांगावे अशी त्यांची विनंती होती.

वही पाहिली. बावन्न मुलांची नावे. त्यातल्या एकोणीस जणांची फी दोन महिन्यांपासून सहा महिन्यांपर्यंत थकलेली. का मागत नाही, असे विचारल्यावर बाई संकोचल्या. विद्येचे पैसे असे तोंड वर करून कसे मागायचे, असा त्यांचा प्रश्न. त्या बोलत होत्या तेव्हा त्यांच्या डोक्यामागे, भिंतीवर, हार घातलेला भरघोस मिशांचा एक फोटो होता. पंडित विष्णू दिगंबर पलुसकरांचा.

मी गाणे शिकलेलो नाही. बत्तीस वर्षे कर्जे दिली, वसूल केली आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिल्या. त्यामुळे कुणाचेही चरित्र वाचताना माझा एक डोळा गोष्टीवर असतो आणि दुसरा जमाखर्चावर. त्या रात्री घरी येऊन मी विष्णू दिगंबरांचे आयुष्य पुन्हा एकदा वाचून काढले, यावेळी दुसऱ्या डोळ्याने.

१८ ऑगस्ट १८७२ रोजी कुरुंदवाडला त्यांचा जन्म झाला. वडील कीर्तनकार. म्हणजे गाणे घरात होते, पण ते देवळातले. लहानपणी दत्तजयंतीच्या उत्सवात शोभेची दारू चेहऱ्याजवळ उडाली आणि डोळे कायमचे अधू झाले. शाळा सुटली. मिरजेला उपचार झाले, पण दृष्टी पहिल्यासारखी परत आली नाही. मुलाचा गळा बरा आहे, त्याला गाणे शिकवा, असा सल्ला मिळाला आणि मिरज संस्थानच्या आश्रयाने तो बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकू लागला. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणून रुजवली ती याच बुवांनी.

मिरजेत त्यांना काही कमी नव्हते. राजाश्रय होता, पुढे दरबारात जागाही मिळाली असती. पण एक गोष्ट त्यांना सलत राहिली. चरित्रकार सांगतात की गावातल्या एका समारंभाचे बोलावणे विष्णूला आले, त्याच्या गुरूंना आले नाही. कारण विचारले तर ते तर गवई, असे उत्तर मिळाले. प्रसंग अगदी असाच घडला असेल किंवा सांगता सांगता घडला असेल. पण १८९६ साली त्यांनी मिरज सोडली आणि पुढचे सगळे आयुष्य जणू त्या उत्तराची परतफेड करण्यात घालवले.

बडोदा, काठेवाड, ग्वाल्हेर, मथुरा, पंजाब अशी त्यांची भटकंती झाली. काठेवाडात त्यांनी तिकीट लावून जाहीर मैफल केली. आज यात कुणाला विशेष वाटणार नाही. तेव्हा गवई राजाच्या मर्जीवर गात असे. बिदागी हा मर्जीचा भाग होता, हक्काचा नव्हे. तिकीट काढून आलेला श्रोता उपकार करत नाही, तो किंमत देतो आणि गाणे घेतो. तिकिटाच्या त्या कपट्याने गवई आणि श्रोता यांना एका पातळीवर आणले.

५ मे १९०१ रोजी लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय सुरू केले. राजवाड्याच्या आधाराशिवाय, लोकांच्या वर्गणीवर आणि स्वतःच्या मैफलींच्या उत्पन्नावर. सुरुवातीला शिकायला कुणी येईना, तेव्हा ते रिकाम्या वर्गात तंबोरा घेऊन स्वतःच रियाज करत बसत, असे सांगतात. हळूहळू मुले आली. मुलीही आल्या, चांगल्या घरच्या बायकांनी गाणे शिकणे तेव्हा लोकांच्या भुवया उंचावणारे होते. निवडक मुलांसाठी त्यांनी उपदेशक वर्ग काढला. राहणे, जेवण आणि शिक्षण फुकट, मात्र नऊ वर्षे शिकायचे आणि पुढे गावोगावी जाऊन शिकवायचे.

मला अधिक कौतुक वाटते ते पुढच्या गोष्टींचे. त्यांनी स्वतःची स्वरलेखनपद्धती बसवली आणि पन्नासाच्या वर लहानमोठी पुस्तके लिहिली. ती छापायला छापखाना काढला. वाद्ये दुरुस्त करायला कारखाना काढला. 'संगीतामृत प्रवाह' नावाचे मासिकही चालवले. स्वतःला धड वाचता येत नाही अशा माणसाने मासिक काढावे! पण गाणाऱ्यांचीही एक बिरादरी असते, तिला एकमेकांची खबरबात लागते, कुठे काय चालले आहे आणि कुणाला मदत हवी आहे ते कळावे लागते, हे त्यांनी ओळखले होते. गळा देव देतो. बाकी सगळे माणसांना उभारावे लागते.

१९०८ मध्ये ते मुंबईला आले. विद्यालय वाढले आणि सँडहर्स्ट रोडवर स्वतःची इमारत उभी राहिली. ही इमारत मात्र कर्जावर उभी होती. बँकवाला म्हणून सांगतो, अशा कर्जाचा अर्ज माझ्या टेबलावर आला असता तर मी दोन वेळा चष्मा पुसला असता. उत्पन्नाचा आधार काय, तर एका माणसाचा गळा. तो गायला तर हप्ता भरणार, आजारी पडला तर खाडा. शिवाय त्याच गळ्यावर दोन्ही वेळच्या पंगती उठणार. खर्च ठरलेला, जमा बेभरवशाची. यात १९१८ ते १९२२ या काळात त्यांनी संगीत परिषदाही भरवल्या. पुढे मन रामनामाकडे ओढले गेले आणि नाशिकला रामनाम आधार आश्रम सुरू झाला. सावकार थांबले नाहीत. १९२४ च्या सुमारास सँडहर्स्ट रोडवरच्या इमारतीचा लिलाव झाला.

घरातला हिशेब तर याहून कठोर होता. बारा मुले झाली, त्यातला जगला एकच, दत्तात्रय. २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेला विष्णू दिगंबर गेले तेव्हा तो दहा वर्षांचा होता.

त्या दिवशी कुणी ताळेबंद मांडला असता तर काय दिसले असते? इमारत गेलेली, हाती शिल्लक काही नाही. मी बुडीत खात्याचा शेरा मारला असता.

आणि मी चुकलो असतो. त्याच वर्षी डिसेंबरात शिष्य अहमदाबादला जमले आणि त्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. प्रवेशिकेपासून विशारदपर्यंतच्या ज्या परीक्षांना आपली मुले बसतात, त्या याच मंडळाच्या. ८ मे १९३२ रोजी विनायकराव पटवर्धनांनी पुण्यात गांधर्व महाविद्यालय सुरू केले. छोटा दत्तात्रय त्यांच्याकडे आणि नारायणराव व्यासांकडे शिकला आणि डी. व्ही. पलुसकर झाला. ओंकारनाथ ठाकुरांनी बनारस हिंदू विश्वविद्यालयात संगीताचा विभाग उभा केला. बी. आर. देवधरांनी मुंबईत शाळा काढली. कुमार गंधर्व तिथेच शिकले. नारायण मोरेश्वर खरे गांधीजींच्या आश्रमात गेले आणि १९३० च्या दांडीयात्रेत चालले. लिलावात इमारत गेली. ही माणसे जप्तीत येण्यासारखी नव्हती.

त्यांच्याबद्दल आक्षेपही घेतले जातात. एकेका शिष्याला घडवणारी तालीम वर्गाच्या बाकांवर जमत नाही, असे जाणकार म्हणतात. दरबारातल्या उस्तादांना आणि पिढ्यान्‌पिढ्या गाणाऱ्या बायकांना या नव्या सोवळ्या व्यवस्थेत किती जागा उरली, असेही अभ्यासक विचारतात. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण ज्याच्या घरी गाणे नव्हते त्या मुलाला ते शिकायचा रस्ता मिळाला, तो या माणसामुळे, हेही विसरता येत नाही.

आता एक कबुली. नोकरीत असताना तालुक्याच्या गावी एक गायनशिक्षक माझ्याकडे आले होते. चार पेट्या, दोन तबलाजोड्या आणि जागेची अनामत, एवढ्यासाठी कर्ज हवे होते. तारण काय, असे मी विचारले. त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांची यादी पुढे केली. मी हसलो नाही, एवढेच माझ्या बाजूने सांगता येईल. अर्ज नामंजूर केला. नियमाने ते बरोबरच होते. पण वर्षभराने त्या गावातून जाताना त्यांच्या वर्गाच्या जागी मला झेरॉक्सचे दुकान दिसले. ती यादी अजून डोळ्यांपुढे आहे.

परवा बाईंकडे गेलो. क्लास बंद करू नका, असे सांगितले; पण असाही चालवू नका. फीची तारीख दारावर लावा. थकबाकीदार पालकांना मी स्वतः फोन करतो, तो माझा जुना धंदा आहे. ज्या तीन मुलांना खरोखर परवडत नाही त्यांची फी माफ करा, पण वहीत तसे लिहून. आणि वर्षातून एकदा मुलांचा कार्यक्रम करा, तिकीट लावून. तिकिटाचे नाव काढताच बाई पुन्हा संकोचल्या. मी भिंतीवरच्या फोटोकडे बोट दाखवले.

मालक दोन महिने थांबायला तयार झाला आहे. तेवढ्याने भागेल का, मला ठाऊक नाही. आकडे अजून जेमतेमच आहेत. पण वाचकहो, तुमच्याही गल्लीत असा एखादा जिना असेल. वरून सूर ऐकू येत असतील तर एकदा वर जाऊन या. मुलाची फी राहिली असेल तर ती भरून टाका. फुकट पास मागू नका. माझे पन्नास रुपयांचे तिकीट मी काढून ठेवले आहे. पहिल्याच क्रमांकाचे.