वाळवंटात वाचला, गावच्या रस्त्यावर गेला

दोस्तांनो, 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' हा १९६२ सालचा सिनेमा तुमच्यापैकी काहींनी मोबाईलवर पाहिला असेल. पांढरा अरबी पोशाख, उंट आणि नजर पोहोचेल तिथपर्यंत वाळू. पण आठवून बघा, सिनेमा वाळवंटात सुरूच होत नाही. तो सुरू होतो इंग्लंडच्या एका साध्या खेड्याच्या रस्त्यावर. मोटरसायकलवरून एक माणूस येतो, समोर सायकली दिसतात, तो गाडी वळवतो आणि संपतो. ही गोष्ट खरी आहे. कॉलेजला सायकलने किंवा गाडीने येणाऱ्या तुमच्या-आमच्याशी तिचा जवळचा संबंध आहे. म्हणून आज या माणसाबद्दल.

थॉमस एडवर्ड लॉरेन्सचा जन्म १६ ऑगस्ट १८८८ चा, वेल्समधल्या ट्रेमॅडॉक गावचा. पाच भावांतला हा दुसरा. पुढे घर ऑक्सफर्डला आलं आणि तिथे या पोराला दोन वेड लागली, जुन्या वास्तू आणि सायकल. पंधराव्या वर्षीच मित्राला सोबत घेऊन तो आसपासच्या खेड्यांतली जुनी चर्च पालथी घालत होता. कॉलेजात गेल्यावर त्याने १९०८ च्या उन्हाळ्यात कमालच केली. विषय घेतला मध्ययुगीन किल्ल्यांचा आणि ते बघायला सायकलवर फ्रान्सभर फिरला. एका सुट्टीत दोन हजार मैलांहून जास्त, म्हणजे तीन हजार किलोमीटरच्या वर! आपल्याकडच्या एखाद्या पोराने चंद्रपूरचा परकोट, माणिकगड, वैरागड करत करत सायकलवर थेट महाराष्ट्राबाहेर सुटावं, तसंच हे. तेव्हा त्याला विसावं लागत होतं. म्हणजे वयाने तो तुमच्याएवढाच होता. पुढच्या वर्षी तो किल्ल्यांसाठीच सीरियात पायी हिंडला. १९१० साली त्याला ऑक्सफर्डची पहिल्या वर्गाची पदवी मिळाली, ती याच अभ्यासावर.

नंतर काही वर्षं त्याने सीरियाच्या सीमेवर कार्केमिश इथे उत्खननात काढली. तिथल्या मजुरांत राहून अरबी शिकला. १९१४ ला पहिलं महायुद्ध पेटलं आणि या भाषेमुळेच तो कैरोच्या ब्रिटिश गुप्तवार्ता विभागात पोहोचला. १९१६ मध्ये अरबांनी तुर्की सत्तेविरुद्ध बंड केलं. लॉरेन्स त्यांच्यात जाऊन राहिला, त्यांच्यासारखा उंटावर बसला, तुर्कांची रेल्वे सुरुंगाने उडवली. जुलै १९१७ मध्ये अकाबा बंदर पडलं, ऑक्टोबर १९१८ मध्ये दमास्कस. गोळ्या लागल्या, उपाशी राहिला, पण वाचला. १९१९ मध्ये तो ज्या विमानात होता ते रोमजवळ उतरताना कोसळलं. वैमानिक गेले, हा वाचला.

युद्ध संपल्यावर अरबांना दिलेला शब्द ब्रिटनने पाळला नाही. त्याचा सल लॉरेन्सला कायम राहिला. नाव जगभर झालं होतं, पण त्याला ते नकोसं झालं. १९२२ साली तो खोट्या नावाने हवाई दलात साधा शिपाईगडी म्हणून भरती झाला! कर्नल राहिलेला माणूस बराकी झाडत होता. १९२७ मध्ये त्याची बदली कराचीला झाली. तेव्हा कराची आपल्याच मुंबई इलाख्यात होतं, म्हणजे कागदोपत्री हा माणूस काही काळ आपल्या इलाख्यातला रहिवासी होता म्हणा ना. १९२९ च्या सुरुवातीला त्याला परत इंग्लंडला धाडलं.

आता नीट वाचा. १९३१ मध्ये प्लायमथला त्याच्या डोळ्यांदेखत हवाई दलाचं एक विमान समुद्रात पडलं. वाचवायला धावलेल्यांत तोही होता. बचावाच्या बोटी संथ असतील तर बुडणारा माणूस हाती लागत नाही, हे त्याच्या मनाने घेतलं. पुढची चार वर्षं तो वेगवान बचाव बोटींच्या कामात गढून गेला. इंजिनं तपासायची, समुद्रात चाचण्या घ्यायच्या, कागदपत्रं लिहायची. दुसऱ्यांचा जीव वाचवण्यासाठी एवढं डोकं लावणारा हा माणूस स्वतः मात्र उघड्या डोक्याने मोटरसायकल हाणायचा.

गाडी होती ब्रफ सुपिरिअर, त्या काळातली सगळ्यात महागड्या आणि वेगवान गाड्यांपैकी एक. एकापाठोपाठ एक अशा सात गाड्या त्याने वापरल्या. आठवीची ऑर्डर दिलेली होती. त्याला दोष द्यायलाही जागा नाही, कारण तेव्हा हेल्मेट ही शर्यतीत धावणाऱ्यांची वस्तू होती. रोजच्या रस्त्यावर ते घालायचं, हे कुणाच्या डोक्यातही नव्हतं.

१९३५ मध्ये तो हवाई दलातून निवृत्त झाला आणि डॉर्सेटमधल्या क्लाउड्स हिल या आपल्या छोट्या घरी राहायला आला. १३ मे रोजी जवळच्या लष्करी छावणीच्या पोस्टातून एक तार करून तो घरी परतत होता. रोजचाच रस्ता. रस्त्यात मधे मधे खळगे होते, उतार आणि लगेच चढ. अशाच एका खळग्यात दोन मुलं सायकलवर होती, एकामागे एक. चढावरून येणाऱ्या लॉरेन्सला ती दिसली तेव्हा उशीर झाला होता. त्याने गाडी वळवली, एका सायकलला धक्का लागला आणि तो हँडलवरून पुढे फेकला गेला. मुलं वाचली. लॉरेन्सच्या कवटीला मार लागला. सहा दिवस तो बेशुद्ध होता आणि १९ मे रोजी गेला. वय ४६. नंतर गाडी दुसऱ्या गिअरमध्ये अडकलेली आढळली. त्या गिअरमध्ये ती ताशी साठेक किलोमीटरच्या वर जात नव्हती, असा अंदाज आहे. म्हणजे जीव जायला तुफान वेगच लागतो असं काही नाही.

त्याच्या खाटेशी बोलावलेल्या डॉक्टरांत ह्यू केर्न्स नावाचा एक तरुण मेंदूशल्यविशारद होता. ऑस्ट्रेलियात जन्मलेला, अमेरिकेत हार्वी कुशिंगसारख्या नामांकित सर्जनच्या हाताखाली शिकलेला. त्यालाही लॉरेन्सला वाचवता आलं नाही. या मृत्यूचा त्याच्यावर खोल परिणाम झाला, असं त्या शास्त्राचा इतिहास लिहिणारे सांगतात. केर्न्स हळहळून थांबला नाही, तो मोजायला बसला.

चार वर्षांत दुसरं महायुद्ध आलं. विमानहल्ल्याच्या भीतीने इंग्लंडात रात्री दिवे बंद, रस्ते काळेकुट्ट, आणि लष्कराचे निरोपे मोटरसायकलवर धावत होते. युद्धाच्या पहिल्या २१ महिन्यांत ब्रिटनच्या रस्त्यांवर २,२७९ मोटरसायकलस्वार आणि मागे बसलेले मेले. केर्न्सने १९४१ मध्ये आपला अभ्यास छापला. मृत्यूचं सगळ्यात मोठं कारण होतं डोक्याचा मार. हेल्मेट घातलेले जखमी त्याला सापडले फक्त सात, आणि सातही जण जगले होते. सात हा आकडा लहान आहे, हे कुणालाही कळतं. पण त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लष्कराने ड्यूटीवरच्या सगळ्या मोटरसायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचं केलं. मग केर्न्सने १९४६ मध्ये पुन्हा महिनावार आकडे मांडले. सक्तीनंतर मृत्यू उतरलेले स्पष्ट दिसत होते.

तरी सामान्य लोकांसाठी कायदा व्हायला किती वर्षं लागली असतील? ब्रिटनमध्ये मोटरसायकलवर हेल्मेट सक्तीचं झालं ते १९७३ मध्ये. केर्न्स १९५२ लाच गेला होता. सायकलसाठी अशी सक्ती जगात पहिल्यांदा केली ती त्याच्याच मायदेशाने. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात १ जुलै १९९० पासून सायकलस्वारालाही हेल्मेट लागतं. त्यावर वादही आहेत. सक्तीमुळे लोक सायकल सोडतात, असं काहींचं म्हणणं. नेदरलँड्समध्ये तर बहुतेक लोक हेल्मेटशिवाय सायकल चालवतात आणि तरी तिथे सायकल सुरक्षित आहे. पण तिथे सायकलला वेगळी वाट आहे, ट्रक तिच्या अंगाला घासून जात नाही.

आणि आपल्याकडे? मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ मोटरसायकल चालवणाऱ्याला आणि मागे बसणाऱ्याला, दोघांनाही हेल्मेट सक्तीचं करतं. सायकल मोटार वाहनात मोडत नाही, म्हणून सायकलस्वाराला तसा नियम नाही. थोडक्यात, सिंदेवाहीच्या रस्त्यावर सायकल चालवताना तुम्हाला कुणी अडवणार नाही, पावती फाडणार नाही. आणि वेगळी वाटही देणार नाही. इथे सायकलवर असणारे बहुतेक शाळा-कॉलेजचे. आसपासच्या खेड्यांतून तुम्ही निघता. रस्त्यावर धानाचे ट्रक असतात, नागभीड-मूलकडे सुसाट जाणाऱ्या गाड्या असतात, जंगलातून अचानक आडवं येणारं रानडुक्कर असतं. सुगीत कुणी रस्त्याच्या कडेलाच धान वाळत घातलेलं असतं, त्यावरून चाक घसरतं. आणि मंडईच्या दिवसांत रात्रभर झाडीपट्टीचं नाटक पाहून पहाटे धुक्यात, अर्ध्या झोपेत परतणारी पोरं तर आपण सगळ्यांनीच पाहिली आहेत.

हेल्मेट नक्की करतं तरी काय, हे एकदा समजून घ्या. कवटीत मेंदू जेलीसारखा मऊ असतो. डोकं डांबरावर आपटलं की कवटी जागच्या जागी थांबते, मेंदू मात्र आतून पुढे जाऊन तिच्यावर आदळतो. सायकलच्या हेल्मेटमध्ये कडक थर्माकोलसारखा थर असतो. तो चिरडतो आणि तो धक्का थोडा लांबवतो. एवढंच काम, पण त्या क्षणाला ते फार मोठं ठरतं. म्हणून एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून बरं दिसलं तरी टाकून द्यायचं, कारण आतला थर आपलं काम करून बसलेला असतो. हेल्मेट कपाळावर आडवं बसलं पाहिजे, भुवयांच्या वर दोन बोटं. मागे सरकवून टोपीसारखं घातलं किंवा पट्टा मोकळा ठेवला तर ते असून नसल्यासारखं. मोटरसायकलचं हेल्मेट सायकलला जड पडतं, घाम येतो. सायकलचं हलकं, भोकांचं मिळतं. घेताना ईएन १०७८ ही खूण बघा. हजार रुपयांच्या आतही मिळतं.

पण हेही खरं, की हेल्मेट टक्कर टाळत नाही. लॉरेन्सच्या गोष्टीत दोन्ही बाजू एकमेकांना वेळेत दिसल्या असत्या तर काहीच घडलं नसतं. म्हणून दिसणं आधी. सायकलच्या मागे लाल रिफ्लेक्टर, पुढे टॉर्च किंवा छोटा दिवा, संध्याकाळी फिकट रंगाचा शर्ट. वळण, पूल आणि उतार आला की गप्पा बंद आणि रांगेत, एकामागे एक. त्या दोन मुलांनी नेमकं हेच केलं होतं, आणि ती घरी पोहोचली. वाघाच्या भीतीने जंगलाच्या रस्त्यावर आपण घोळक्याने जातो, ते बरोबरच आहे. पण घोळका रस्त्याच्या मधोमध नको. पहाटे आणि तिन्हीसांजेला जंगलातून सायकल काढूच नका. वळायच्या आधी मागे बघा, हात दाखवा. इअरफोन खिशात. ब्रेकचे रबर झिजले असतील तर आजच बदलून घ्या.

आणि पडलात, डोक्याला मार लागला, पण उठून उभे राहिलात तरी विषय तिथेच सोडू नका. कवटीच्या आतला रक्तस्राव काही तासांनी जोर धरू शकतो. उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, गुंगी, बोलण्यात गोंधळ, यातलं काहीही दिसलं की १०८ ला फोन करा, दवाखान्यात जा. दोस्त झोपतोय, झोपू द्या, असं म्हणून त्याला खोलीवर एकटं टाकू नका.

लॉरेन्सला आपल्या चुकीतून शिकायची संधी मिळाली नाही. त्याच्यामुळे शिकला तो केर्न्स, आणि त्याच्यामुळे लाखो जण. आपण त्या लाखोंत जायचं की नाही, हे सायकलपुरतं तरी अजून कायद्याने ठरवलेलं नाही. ते तुम्हीच ठरवायचं आहे. या आठवड्यात कॉलेजच्या सायकल स्टँडवर एक चक्कर मारा आणि मागे रिफ्लेक्टर नसलेल्या सायकली मोजा. केर्न्सने सुरुवात मोजण्यापासूनच केली होती. मग वर्गणी काढून तेवढे रिफ्लेक्टर आणा, आणि स्वतःच्या सायकलला पहिला लावा.