बाबासाहेब आणि नवल भथेना : एका दोस्तीची हकिगत

परमपूज्य बाबासाहेबांचे महाडचे चवदार तळे आपल्या जिल्ह्यातले. १९२७ साल म्हटले की हमरापूरच्या लहान पोरालाही ते ठाऊक असते. दरवर्षी विहारात त्यावर भाषणे होतात आणि व्हायलाच पाहिजेत. पण यंदा वर्धापन दिनाच्या स्मरणिकेत आम्ही एक वेगळाच विषय घेतला आहे. आपली मुले कॉलेजला जातात, पुढे नोकरीसाठी कोणी मुंबईला, कोणी पुण्याला, तर कोणी थेट आखातात. जाताना स्टेशनावर गळ्यात पडून रडतात, आणि दोन वर्षांनी विचारावे तर एकमेकांचा पत्तासुद्धा माहीत नसतो. म्हणून बाबासाहेबांच्या एका कॉलेजमित्राची आठवण सांगावीशी वाटली.

१९१३ च्या जुलैत बाबासाहेब न्यूयॉर्कला पोहोचले. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती होती, दरमहा साडेअकरा पौंड. कोलंबिया विद्यापीठाच्या वसतिगृहांपैकी लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये त्यांना खोलीसोबती मिळाला तो नवल भथेना, मुंबईचा पारशी तरुण. एक महार सुभेदाराचा मुलगा, दुसरा पारशी. मुंबईत हे दोघे एका खोलीत राहिले असते का? अवघडच होते. सातासमुद्रापलीकडे मात्र कोणी जात विचारली नाही.

१९१६ मध्ये बाबासाहेब लंडनला गेले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ च्या ऑगस्टमध्ये त्यांना शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. पुस्तके आणि कागदपत्रे वेगळ्या बोटीने पाठवली होती. महायुद्ध चालू होते, ती बोट पाणतीराने बुडाली आणि वर्षांची मेहनत समुद्राच्या तळाशी गेली.

शिष्यवृत्तीच्या कराराप्रमाणे ते बडोद्याला नोकरीला गेले. राहायला जागा कोणी देईना, म्हणून एका पारशी पथिकाश्रमात पारशी नाव लावून राहिले. अकराव्या दिवशी डझनभर पारशी काठ्या घेऊन दारात उभे राहिले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोड, असे त्यांनी बजावले. बडोद्यात बाबासाहेबांचे दोन मित्र होते, एक हिंदू आणि एक ख्रिश्चन. पहिला म्हणाला, तू आलास तर घरचे नोकर निघून जातील. दुसऱ्याने बायकोला विचारावे लागेल असे सांगितले. मित्र म्हणवणाऱ्या दोघांच्या दारातून असे परत फिरताना त्यांना काय वाटले असेल! रात्रीच्या गाडीपर्यंतचा वेळ त्यांनी कामाठी बागेत बसून काढला.

आता बघा, काठ्या घेऊन आलेले पारशी होते आणि पुढे जन्मभर साथ देणारा मित्रही पारशीच. बाबासाहेबांनी एकाचा राग दुसऱ्यावर काढला नाही. आम्हाला यात त्यांचे मोठेपण दिसते.

१९१८ ते १९२० सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठवले. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मदत केली, आणि पाच हजार रुपये कर्जाऊ दिले ते नवल भथेनांनी. त्या काळचे पाच हजार बरं का! त्या जोरावर १९२० मध्ये बाबासाहेब पुन्हा लंडनला गेले. खोलीभाडे, फी, पुस्तके असा सगळा खर्च. दिवसभर ब्रिटिश म्युझियममध्ये वाचन आणि पोटात जेमतेम काही. इकडे परळच्या चाळीत माता रमाई एकएक पैसा जपत होत्या.

त्यातच रुपयाचा भाव घसरला. १९२० मध्ये सरकार रुपया दोन शिलिंगांवर ठेवू पाहत होते, पण १९२१ मध्ये तो एक शिलिंग चार पेन्सच्याही खाली गेला. हिशोब मांडून बघा. दोन शिलिंगांच्या भावाने पाच हजारांचे पाचशे पौंड होतात, पडलेल्या भावाने जेमतेम तीनशे तेहतीस. बाबासाहेब रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहीत होते आणि तोच प्रश्न त्यांच्या खिशात येऊन बसला होता.

पैसे सरत आले तेव्हा लंडनहून पत्र गेले ते भथेनांना. सारखे मागावे लागते याची बाबासाहेबांना फार लाज वाटे, आणि ती त्यांनी पत्रात लपवली नाही. बोटीची टपाल पोहोचायलाच दोन-अडीच आठवडे, म्हणजे उत्तराला महिन्याच्या वर. तेवढे दिवस डोळे वाटेकडे. १९२३ च्या एप्रिलमध्ये ते बॅरिस्टर होऊन परतले, तर वकिलीची सनद काढायला हातात पैसे नव्हते. तेव्हाही भथेनाच धावून आले, आणि जुलैत हायकोर्टातली वकिली सुरू झाली.

कोलंबियाच्या गुरुजनांशीही त्यांनी धागा तुटू दिला नाही. १९२२ च्या फेब्रुवारीत त्यांनी लंडनहून प्राध्यापक सेलिग्मन यांना पत्र लिहून बोटीबरोबर प्रबंध बुडाल्याचे आणि नवा लिहिल्याचे कळवले. १९२५ मध्ये प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचा त्यांचा ग्रंथ छापला गेला, त्याला प्रस्तावना सेलिग्मन यांचीच आहे. १९२७ च्या जूनमध्ये कोलंबियाने पीएच.डी. दिली. महाडच्या तळ्याचे पाणी घेऊन तेव्हा तीनच महिने झाले होते.

१९५२ मध्ये त्याच विद्यापीठाने त्यांना सन्माननीय पदवीसाठी बोलावले. जुने गुरू जॉन ड्युई यांना भेटायची बाबासाहेबांना मोठी ओढ होती. ५ जूनला समारंभ झाला. ड्युई १ जूनलाच वारले होते, बाबासाहेब वाटेत असताना.