नाणी तोलणारे गोमंतकीय गणिती : दामोदर धर्मानंद कोसंबी

गणराय ही बुद्धीची देवता. तिच्या उत्सवानिमित्त गोव्याच्या मातीत जन्मलेल्या एका बुद्धिवंताचे स्मरण करावे, असे आम्हांला वाटले. दामोदर धर्मानंद कोसंबी हे इतिहासकार म्हणून अनेकांना ठाऊक आहेत. पण त्यांचा मूळ विषय गणित. आज मानसशास्त्राच्या पहिल्या वर्षाला जे परिकल्पना परीक्षण आणि जी टी-चाचणी आपल्या मुलामुलींना घाम फोडते, त्यामागचा विचार त्यांनी जुन्या नाण्यांवर चालवून दाखवला होता. ही बाजू फारशी सांगितली जात नाही.

त्यांचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यातील कोसबेन येथे झाला. वडील धर्मानंद हे मूळचे सांखवाळचे, पाली भाषा आणि बौद्ध धर्माचे थोर अभ्यासक. दामोदर यांचे सुरुवातीचे शिक्षण पुण्यात झाले. १९१८ मध्ये ते वडिलांबरोबर अमेरिकेला गेले आणि १९२९ साली हार्वर्ड विद्यापीठाची पदवी सर्वोच्च श्रेणीत मिळवून परतले. बनारस व अलीगढ येथे काही काळ शिकवून ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक झाले. संख्याशास्त्र नुसते पुस्तकातून शिकण्यापेक्षा एखाद्या खऱ्या प्रश्नावर चालवून पाहावे, असे त्यांनी ठरवले. प्रश्न निवडला तो प्राचीन नाण्यांचा.

आपल्या डिचोली तालुक्यातील नार्व्याचा सप्तकोटेश्वर हे गोव्याच्या कदंब राजांचे कुलदैवत. कदंबांच्या सोन्याच्या नाण्यांवर या देवाचे नाव कोरलेले सापडते, त्यामुळे ती कोणाची हे कळते. त्याहून कितीतरी जुन्या, चांदीच्या आहत नाण्यांवर मात्र अक्षर नाही. सूर्य, झाड, डोंगर अशा खुणांचे नुसते ठसे आहेत. मग त्यांतले आधीचे कोणते आणि नंतरचे कोणते, हे ठरवायचे कसे?

कोसंबींनी तराजू हाती घेतला. तक्षशिलेला सापडलेल्या साठ्यांतील नाण्यांच्या वजनांचा त्यांनी अभ्यास केला. त्यांचा तर्क साधा होता. नाणे हातोहात फिरते तसे झिजते. शिवाय नाण्याच्या मागच्या बाजूला असलेले बारीक ठसे वेळोवेळी नाणे पारखून पाहणाऱ्यांचे असावेत. म्हणजे मागे ठसे जास्त, तर नाण्याचे वय जास्त आणि वजन कमी असायला हवे.

पण वजनातला फरक योगायोगानेही पडू शकतो. एकाच टांकसाळीतली, एकाच दिवसाची दोन नाणीसुद्धा अगदी सारखी भरत नाहीत. म्हणून संख्याशास्त्रात आधी उलट बाजू धरून चालतात. ठशांचा वजनाशी काही संबंध नाही, असे प्रथम मानायचे. हीच शून्य परिकल्पना. मग विचारायचे, की हे खरे असते तर हाती आलेल्या एवढा फरक निव्वळ योगायोगाने कितीदा दिसला असता? शंभरात पाच वेळांहून कमी, असे उत्तर आले तर परिकल्पना सोडून द्यायची, असा सर्वसाधारण रिवाज आहे. कोसंबींना ठशांच्या संख्येबरोबर सरासरी वजन क्रमाने उतरत गेलेले दिसले. तेवढ्यावर न थांबता त्यांनी आपल्या काळातली चालू नाणीही तोलली आणि वापराने वजन कसे घटते ते पाहिले.

नमुना मोठा असला की हे काम सोपे. हाती मोजकीच माहिती असेल तर काय? ही अडचण डब्लिनच्या गिनेस मद्यनिर्मिती कारखान्यात काम करणाऱ्या विल्यम गॉसेट यांना पडली. त्यांनी १९०८ साली 'स्टुडंट' या टोपणनावाने तोडगा प्रसिद्ध केला. टी-चाचणी ती हीच. समजा, आपल्या पेडण्यात पाच कुणग्यांत ज्योती आणि पाच कुणग्यांत जया भात लावले. दोन्हींच्या सरासरी उत्पन्नातला फरक घ्यायचा. कुणग्या-कुणग्यांतली चढउतार आणि कुणग्यांची संख्या यांवरून त्या फरकात अनिश्चितता किती, ते काढायचे आणि तिने फरकाला भागायचे. आलेला आकडा म्हणजे 'टी'. तो जितका मोठा, तितका योगायोगाचा संशय कमी. कुणगे थोडे असतील तर आकडा अधिक मोठा लागतो, कारण थोड्या पुराव्यावर अधिक सावध राहावे लागते. आणि फरक सिद्ध झाला नाही, म्हणजे दोन्ही भाते सारखीच, असेही म्हणता येत नाही.

१९४४ साली कोसंबींनी जनुकांमधील अंतर काढण्याचे जे सूत्र दिले, ते आजही त्यांच्या नावाने वापरले जाते. त्यानंतर ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गेले आणि पुण्याहून डेक्कन क्वीनने जा-ये करीत राहिले. १९५६ मध्ये त्यांचा भारतीय इतिहासावरील गाजलेला ग्रंथ आला. १९६२ च्या ग्रंथात त्यांनी गोव्याच्या जुन्या काबिजादीतील गावकरीवर लिहिले. पेडणे-डिचोली नव्या काबिजादीतली, म्हणून ती त्यात येत नाहीत.

एक अवघड प्रकरणही सांगायला हवे. रीमान परिकल्पना हा गणितातला प्रसिद्ध, आजही न सुटलेला प्रश्न. संभाव्यतेच्या मार्गाने तो आपण सोडवला, असा कोसंबींचा दावा होता. गणितज्ञांनी तो मानला नाही. १९६२ साली टाटा संस्थेतली त्यांची मुदतही वाढवली गेली नाही. मोठ्या नावामुळे पुरावा मोठा होत नाही. परंपरेने चालत आलेल्या मतांना कोसंबींनी जी कसोटी लावली, तीच त्यांच्या दाव्यालाही लागली. यात त्यांचा कमीपणा नाही. शास्त्राची रीतच तशी आहे.

२९ जून १९६६ रोजी पुण्यात, वयाच्या ५८ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. आज फोनवर रोज कोणी ना कोणी सांगतो, की अमुक औषधाने चारजण बरे झाले, तमुक क्लासमुळे मुलांचे गुण वाढले. अशा वेळी किती जणांना पाहिले, कोणाशी तुलना केली आणि हे योगायोगाने झाले नसेल कशावरून, हे तीन प्रश्न आपल्या मुलांनी विचारले, तर या गोमंतपुत्राचे स्मरण सार्थकी लागेल. त्यांना आमचे विनम्र अभिवादन.