स्वतःचा वाढदिवस एका मुलीच्या नावावर करून दिला, सामोआत राहिलेल्या या स्कॉटिश लेखकाचा नादच वेगळा होता

ऐन दिवाळीत जन्मलेल्या माणसाला त्याचं दुःख विचारा. सगळं घर फराळ आणि फटाक्यांत गुंतलेलं असतं, याचा वाढदिवस त्यातच उरकला जातो. नवे कपडे एकदाच, गोडधोड एकदाच. ॲनी आइड नावाच्या अमेरिकन मुलीचं दुखणं अगदी असंच होतं. तिचा जन्म २५ डिसेंबरचा. नाताळच्या गडबडीत तिच्या वाढदिवसाकडं कुणाचं लक्षच जायचं नाही.

तिचे वडील हेन्री आइड १८९१ साली सरकारी कामासाठी पॅसिफिक महासागरातल्या सामोआ बेटांवर होते. तिथं त्यांची ओळख एका हडकुळ्या स्कॉटिश लेखकाशी झाली आणि बोलता बोलता पोरीचा हा विषय निघाला. लेखकानं कधीकाळी वकिलीची सनद घेतलेली होती, पण वकिली अशी केलीच नव्हती. त्या दिवशी मात्र ती कामी आली. त्यानं कागद घेतला आणि कोर्टाच्या भाषेत रीतसर बक्षीसपत्र लिहून काढलं. १३ नोव्हेंबर हा आपला वाढदिवस आजपासून ॲनीचा, आपलं वय झालंय, आता आपल्याला त्याचा काही उपयोग नाही, असा त्याचा मजकूर. खाली सही आणि साक्षीदार. वर अटी घातल्या. मुलीनं आपल्या नावात लुईझा हे नाव जोडायचं आणि या दिवसाची नीट काळजी घ्यायची. तिनं अट मोडली तर हा वाढदिवस अमेरिकेच्या तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षांकडं जमा होणार!

वय झालंय म्हणणारा हा माणूस तेव्हा फक्त ४० वर्षांचा होता. नाव रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन. ट्रेझर आयलंडवाला, जेकिल आणि हाइडवाला स्टीव्हन्सन तो हाच.

आता स्कॉटलंडचा माणूस पार सामोआत पोहोचला कसा?

तर त्याचा जन्म १८५० चा, एडिनबरामधला. घराणं दीपगृहं बांधणाऱ्या इंजिनियर लोकांचं. आजोबांनी बांधलं, वडिलांनी बांधलं, काकांनी बांधलं, त्यामुळं हाही बांधणार असं घरच्यांनी ठरवून टाकलेलं. यानं इंजिनियरिंग सोडलं, कायदा शिकला, तोही सोडला आणि लिहायला बसला. पण खरी अडचण वेगळीच होती. लहानपणापासून छाती कमकुवत. एडिनबराची थंड, ओली हवा आणि हा माणूस यांचं कधी जमलंच नाही. पुढं तर खोकल्यातून रक्त पडायला लागलं. स्वित्झर्लंडचे डोंगर झाले, दक्षिण फ्रान्स झाला, इंग्लंडचा समुद्रकिनारा झाला. बरीच पुस्तकं त्यानं अंथरुणात उशीला टेकून लिहिली. दरम्यान फॅनी ऑसबर्न या त्याच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठ्या, दोन मुलांच्या अमेरिकन आईच्या प्रेमात पडून त्यानं १८८० मध्ये तिच्याशी लग्नही केलं.

१८८७ मध्ये वडील गेले आणि तो कुटुंबासह अमेरिकेला निघाला. पुढच्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोहून कॅस्को नावाचं शिडाचं जहाज भाड्यानं घेऊन सगळी मंडळी पॅसिफिकच्या सफरीला बाहेर पडली. आणि चमत्कार झाला. खाऱ्या हवेत हा माणूस चालायला लागला, पोहायला लागला. ताहिती झालं, हवाई झालं. १८८९ च्या डिसेंबरमध्ये तो सामोआतल्या आपिया बंदरात उतरला. थोडे दिवस राहून पुढं निघायचं असा बेत होता. पण त्यानं आपियापासून तीन मैलांवर, वाइया डोंगराच्या पायथ्याशी ३०० एकरांहून जास्त जंगल विकत घेऊन टाकलं. जागेचं नाव वाइलिमा.

तेव्हाही त्याच्या डोक्यात स्कॉटलंडला एक फेरी मारायचं होतंच. त्यासाठी तो सिडनीपर्यंत गेला आणि तिथल्या हवेत आजारी पडला. उष्ण बेटांवरून थंड हवेत गेलं की अंथरूण, हा हिशोब पक्का झाला. म्हणजे जगायचं असेल तर घरी जायचं नाही. १८९० च्या शेवटी नवराबायको वाइलिमाला कायमचे राहायला आले.

पहिले काही महिने मुक्काम एका लहानशा लाकडी घरात. आजूबाजूला रान. फॅनीला शेतीचा भारी नाद, ती बिया आणि रोपं जमवून मळा फुलवायच्या मागं. एकदा नवऱ्यानं तिला तू मुळात शेतकरीणच आहेस असं सांगितलं. त्याला ते कौतुक वाटत होतं, तिला ते चांगलंच लागलं.

तो स्वतः करायचा काय, तर गवत उपटायचा. खरंच. या कामाचं त्याला वेड लागलं होतं. पुस्तकाचं प्रकरण अर्धवट टाकून तो कोयता घेऊन रानात शिरायचा. त्याची खास दुश्मनी होती लाजाळूशी. आपण लहानपणी ज्याची पानं बोट लावून मिटवायचो तेच लाजाळू. बाहेरून आलेलं हे झुडूप तिथं भसाभस पसरलं होतं. काटे हातात घुसायचे, मुळं निघता निघत नसायची. लंडनमधल्या मित्राला, सिडनी कॉल्विनला, तो लांबलचक पत्रं लिहायचा आणि साहित्याच्या गप्पांऐवजी त्यात हे तणपुराण असायचं. इंग्लंडमधले मित्र वैतागले, की हा कुठल्या रानात वेळ घालवतोय. पण दोन वर्षांपूर्वीपर्यंत ज्याला जिना चढायला धाप लागत होती, तो चिखलात उभा राहून झुडपं उपटतोय, यातली गंमत लंडनमध्ये बसून कशी कळणार?

मोठं घर १८९१ मध्ये उभं राहिलं आणि पुढं वाढतही गेलं. आतल्या दिवाणखान्याला कॅलिफोर्नियाहून आणलेलं रेडवुड. इंग्लंडमधल्या जुन्या घरातलं फर्निचर अर्धं जग ओलांडून आलं. म्हातारी आई मार्गारेटही स्कॉटलंडहून राहायला आली. आणि घरात काय बांधलं माहितीये? शेकोटी. चांगली विटांची, धुराड्यासकट. वर्षभर घाम निघणाऱ्या सामोआत तिची गरज कुणालाच नव्हती, पण शेकोटीशिवाय घर कसलं, असा हा स्कॉटिश हिशोब.

दिवस उजाडायच्या आत तो उठायचा आणि दुपारपर्यंत लिहायचा. हात दुखायला लागल्यावर फॅनीची मुलगी बेल त्याच्या तोंडून ऐकून लिहून घ्यायची. दुपारनंतर मात्र घोडा. जॅक नावाच्या आपल्या घोड्यावरून तो आपियाला चक्कर मारायचा. टपालाचं जहाज येणार असेल त्या दिवशी तर जायलाच पाहिजे. संध्याकाळी सगळं घर एकत्र जेवायचं. पाहुणे कायम. बंदरात ब्रिटिश युद्धनौका आली की तिचे अधिकारी वाइलिमाला हजर, मग नाच आणि गाणी. पंगतीत एका बाजूला फ्रेंच वाइन, दुसऱ्या बाजूला अळूचे कंद, नीरफणस आणि भाजलेलं डुक्कर. सणासमारंभाला घरातले सामोअन गडी लुंगीसारखं नेसायचं लावालावा घालायचे आणि त्याचं कापड असायचं स्कॉटलंडच्या रॉयल स्टुअर्ट चौकड्यांचं.

हा सगळा खर्च एकट्याच्या लेखणीवर चालला होता, हे विसरायला नको. पैशाची काळजी त्याला शेवटपर्यंत होती. घरात कुरबुरीही होत्या. बेलच्या नवऱ्यावर चोरीचा ठपका आला आणि १८९२ मध्ये त्याला घराबाहेर काढावं लागलं. पुढच्या वर्षी फॅनी मनानं इतकी आजारी पडली, की घरच्यांची झोप उडाली.

सामोअन लोकांनी त्याचं नाव ठेवलं होतं तुसिताला, म्हणजे गोष्टी लिहिणारा. त्यांना एक कोडं मात्र सुटायचं नाही. हा माणूस काही विकत नाही, कुणाची नोकरी करत नाही, मग एवढं मोठं घर आलं कुठून? त्यातच त्याची बाटलीतल्या सैतानाची गोष्ट मिशनऱ्यांच्या मासिकात सामोअन भाषेत छापून आली. ही बाटली मालकाला मागेल ते देते. झालं, लोकांना उत्तर सापडलं. ती बाटली वाइलिमाच्या तिजोरीत आहे, असं बऱ्याच जणांनी मनाशी पक्कं केलं. छापलेली गोष्ट मनानं रचलेली असू शकते, हे तिथं नवीनच होतं.

असाच प्रकार शेरलॉक होम्सचा. कॉनन डॉयल हाही एडिनबराचाच, दोघांचा पत्रव्यवहार होता. त्याची इंजिनियरच्या अंगठ्याची गोष्ट स्टीव्हन्सननं आपला मुकादम सिमेले याला सांगायला घेतली. पण सिमेलेनं रेल्वे पाहिलेली नव्हती. मग रेल्वे म्हणजे काय इथून सुरुवात. मग इंजिनियर म्हणजे काय, खोटी नाणी पाडतात म्हणजे नक्की काय करतात, ते गुपचूप का करायचं. गोष्ट राहिली बाजूला, शिकवणीच झाली. त्यानं हे सगळं डॉयललाच पत्रानं कळवलं.

पण सगळ्यात भारी सहल झाली ती १८९२ च्या ऑगस्टमध्ये. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्सच्या गव्हर्नरची बायको लेडी जर्सी सामोआत पाहुणी आली होती. तेव्हा जर्मनी, ब्रिटन आणि अमेरिका या तिघांनी मिळून सामोआत मालिएटोआ लाऊपेपाला राजा म्हणून बसवलं होतं. त्याचा प्रतिस्पर्धी मातााफा मालिए गावी तळ ठोकून होता. स्टीव्हन्सनचं मन मातााफाकडं. लेडी जर्सीला या बंडखोराला बघायचंच होतं. पण ब्रिटिश गव्हर्नरची बायको उघडपणे त्याला भेटली असती तर गहजब झाला असता. मग बाईंचं नाव ठरलं मिस अमेलिया बाल्फोर, स्टीव्हन्सनची मामेबहीण. बाल्फोर हे त्याच्या आईचं माहेरचं आडनाव. लपूनछपून निघायचं, वाटेत नदीच्या उतारावर भेटायचं, असा कादंबरीत शोभेल असा बेत स्वतः कादंबरीकारानंच आखला. मंडळी घोड्यावरून मालिएला पोहोचली, मातााफाकडचा पाहुणचार घेतला आणि सुखरूप परतली.

त्यावर कडी म्हणजे या मंडळींनी मिळून एक चेष्टेची पुस्तिका लिहून छापली. त्यात थट्टा होती आपियातल्या ब्रिटिश अधिकारी बॅझेट हॅगार्डची. हा किंग सॉलोमन्स माइन्स लिहिणाऱ्या रायडर हॅगार्डचा भाऊ. ती कादंबरी ट्रेझर आयलंडवर मात करायच्या पैजेतून लिहिली गेली असं सांगतात, म्हणजे हिशोब फिटला म्हणायचा.

गंमत इथपर्यंतच. १८९३ च्या जुलैमध्ये लढाई झाली, मातााफा हरला आणि त्याला दूर मार्शल बेटांवर हद्दपार केलं. त्याच्या बाजूचे सरदार आपियाच्या तुरुंगात. स्टीव्हन्सन आधीपासून लंडनच्या टाइम्सला पत्रं पाठवून गोऱ्या अधिकाऱ्यांच्या कारभाराची लक्तरं काढत होता, एक पुस्तकही लिहिलं होतं. त्यालाच बेटावरून हाकलायची भाषा झाली होती. तरी तो तुरुंगात जात राहिला. तंबाखू, खाणं, औषधपाणी नेत राहिला. त्या नाताळला कैद्यांनीच तुरुंगात त्याला मेजवानी दिली. पाहुणा बाहेरचा आणि यजमान गजाआड, अशी ती पंगत.

पुढच्या वर्षी सरदार सुटले आणि घरी जायच्या आधी एक निरोप घेऊन वाइलिमाला आले. तुझ्या घरापर्यंत आम्ही रस्ता बांधणार, मजुरी नको. सरदार मंडळी स्वतः राबली. १८९४ च्या ऑक्टोबरमध्ये रस्ता तयार झाला, नाव ठेवलं प्रेमळ हृदयांचा रस्ता. शेजारी सगळ्यांच्या नावांची पाटी लागली. स्टीव्हन्सननं मेजवानी दिली आणि भाषणात त्यांना बजावलं, की असेच रस्ते बांधा, जमीन कसा, नाहीतर ती दुसरे लोक घेतील. आपल्या स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात माणसं कशी जमिनीवरून उठवली गेली, ते त्याला माहीत होतं.

कारण मन तिकडंच होतं. समोर नारळीची झाडं आणि कागदावर मात्र एडिनबराचे रस्ते, ओली कुरणं. कॅट्रिओना त्यानं सामोआत लिहिली, ती स्कॉटलंडची गोष्ट. शेवटी हातात असलेली वीर ऑफ हर्मिस्टन, तीही तिथलीच. पीटर पॅनवाल्या जे. एम. बॅरीला, म्हणजे आणखी एका स्कॉटिश माणसाला, तो सारखा बोलवायचा. सॅन फ्रान्सिस्कोला जहाज पकड आणि मग डावीकडचं अमुक घर, अशा थाटात पत्ता कळवला, जणू वाडा शेजारच्या पेठेत आहे. बॅरीचं जाणं झालंच नाही, दोघं एकमेकांना कधीच भेटले नाहीत. १८९३ मध्ये स्टीव्हन्सन हवाईला गेला तेव्हा तिथल्या स्कॉटिश मंडळाच्या लोकांसमोर बोलला, हीच काय ती माहेरची भेट. त्या वारीतही तो आजारी पडला.

३ डिसेंबर १८९४. सकाळी बेलला वीर ऑफ हर्मिस्टनचा मजकूर सांगितला, काम झकास चाललं होतं. फॅनीच्या मनात मात्र काहीतरी वाईट होणार अशी धास्ती. तिचा मूड सुधारायला त्यानं पत्ते काढले, मग तळघरातून वाइनची बाटली आणली आणि जेवणासाठी तिच्याबरोबर मेयोनीज करायला घेतलं. तेवढ्यात डोक्याला हात लावून तो कोसळला. छातीनं नाही, मेंदूतल्या रक्तस्रावानं घात केला. रात्री आठच्या सुमाराला तो गेला. वय ४४.

रात्रभर सामोअन लोक येत राहिले, बारीक विणलेल्या मौल्यवान चटया घेऊन. आपल्याला वाइया डोंगराच्या माथ्यावर ठेवावं अशी त्याची इच्छा होती, पण वर जायला वाटच नव्हती. दुसऱ्या दिवशी कुऱ्हाडी आणि कोयते घेऊन लोकांनी चढावरचं जंगल तोडलं आणि शवपेटी खांद्यांवर पाळीपाळीनं वर नेली. १९१५ मध्ये फॅनीच्या अस्थीही बेलनं तिथंच आणून ठेवल्या.

वाइलिमाचं घर पुढं जर्मन गव्हर्नरचं झालं, मग न्यूझीलंडच्या अधिकाऱ्यांचं. आज तिथं स्टीव्हन्सनचं संग्रहालय आहे आणि ती शेकोटीही आहे. त्याच्या मृत्यूनंतर सरदारांनी वाइया डोंगरावर बंदूक चालवायला बंदी घातली होती, तुसितालाच्या भोवती पक्ष्यांना निवांत गाता यावं म्हणून.