आजारी झाडे आणि साराभाईंची दृष्टी

भारतासारख्या दरिद्री देशाने अग्निबाण उडवावेत काय, हा प्रश्न १९६० नंतरच्या दशकात सुशिक्षितांच्या बैठकींत वारंवार निघे, आणि तो विचारणाऱ्यांना अडाणी म्हणण्याचे कारण नव्हते. १९६५ व १९६६ अशी लागोपाठ दोन वर्षे पावसाने दगा दिला होता. अमेरिकेतून येणाऱ्या गव्हाच्या जहाजांकडे देश डोळे लावून बसला होता. अशा काळात डॉ. विक्रम साराभाई अवकाश संशोधनासाठी पैसा मागत होते. या आक्षेपाला त्यांच्याकडून मिळालेले उत्तर व्याख्यानांपेक्षा केरळातील नारळीच्या बागांत अधिक स्पष्ट दिसले.

साराभाईंचा जन्म १२ ऑगस्ट १९१९ रोजी अहमदाबादच्या एका धनाढ्य गिरणीमालकाच्या घरी झाला. केंब्रिजची पदवी त्यांनी १९४० साली मिळविली. पण महायुद्धामुळे मायदेशी राहावे लागले आणि बंगलोर येथे सी. व्ही. रामन यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी विश्वकिरणांचा अभ्यास आरंभिला. त्यासाठी लागणारी काही निरीक्षणे त्यांनी पुण्यासही केली. १९४७ साली ते केंब्रिजची डॉक्टरेट घेऊन परतले आणि त्याच वर्षी अहमदाबादेत त्यांनी भौतिकी संशोधन प्रयोगशाळा स्थापन केली. कापडगिरण्यांची संशोधन संस्था, व्यवस्थापनशास्त्राची संस्था अशा पुढील उभारण्यांची यादी लांबलचक आहे. घरच्या संपत्तीने वाट सुकर केली हे खरे. परंतु तेवढी संपत्ती असलेले गिरणीमालक अहमदाबादेत आणखीही होते.

१९६२ साली अवकाश संशोधनाच्या राष्ट्रीय समितीची धुरा त्यांच्याकडे आली. चुंबकीय विषुववृत्तालगतचे थुंबा हे कोळ्यांचे गाव निवडले गेले, तेथील चर्चच्या इमारतीत कचेरी थाटली गेली आणि २१ नोव्हेंबर १९६३ रोजी पहिला अग्निबाण आकाशात झेपावला. तो अमेरिकन बनावटीचा होता. १९६६ साली होमी भाभा विमान अपघातात गेल्यावर अणुशक्ती आयोगाचा भारही साराभाईंवर पडला. इस्रोची स्थापना १५ ऑगस्ट १९६९ ची.

नारळीच्या बागांचा प्रयोग यानंतरचा, १९७० च्या सुमाराचा. केरळात माडांना मर लागत असे आणि रोग डोळ्यांना दिसेपर्यंत झाड हातचे गेलेले असे. पुण्याच्या उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेचे पहिले संचालक प्रा. पी. आर. पिशारोटी यांनी साराभाईंच्या पाठबळाने हेलिकॉप्टरमधून या बागांची अवरक्त फिल्मवर छायाचित्रे घेतली. निरोगी पान तांबडा प्रकाश शोषून घेते आणि डोळ्यांना न दिसणारा निकट-अवरक्त प्रकाश मोठ्या प्रमाणात परत फेकते. पानाची आतली रचना बिघडली की हे परावर्तन उतरते, आणि वरून हिरवेगार दिसणारे झाड फिल्मवर निराळ्या रंगात उमटते. रोगट माड असे वेगळे ओळखता आले. भारतातील सुदूर संवेदनाचा आरंभ या बागांपासून मानला जातो.

पुढचे साराभाईंनी पाहिले नाही. ३० डिसेंबर १९७१ च्या रात्री कोवळम येथे झोपेतच त्यांचे निधन झाले, अवघ्या ५२ व्या वर्षी. सात महिन्यांनी, जुलै १९७२ मध्ये, अमेरिकेचा पहिला लँडसॅट उपग्रह कक्षेत गेला. त्याच वर्षी महाराष्ट्र भीषण दुष्काळात होरपळत होता आणि लक्षावधी माणसे खडी फोडीत होती.

लँडसॅटच्या चित्रांनी वनखात्याची झोप उडविली. कागदोपत्री देशाच्या एक-पंचमांशाहून अधिक भूमीवर वन होते. हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन संस्थेने मात्र चित्रांवरून १९७२–७५ साठी १६.८९ टक्के आणि १९८०–८२ साठी १४.१० टक्के एवढेच वन मोजले. त्यावर वाद माजला. अखेर १९८७ च्या पहिल्या वनस्थिती अहवालात साडेएकोणीस टक्क्यांच्या आसपासचा आकडा मान्य झाला. आकडा तडजोडीचा होता असे कुणी म्हटले तरी हरकत नाही. कारण यापुढे दर काही वर्षांनी वन आकाशातून मोजावे लागणार, हे ठरून गेले.

वन तुटले हे दाखविणे त्या मानाने सोपे; उभे वन तहानलेले आहे हे ओळखणे कठीण. पाणी कमी पडले की झाड पानांची सूक्ष्म छिद्रे मिटून घेते, बाष्पोत्सर्जन थांबते आणि पानांचे तापमान चढते. पानातील पाणी घटले की लघुतरंग अवरक्त प्रकाश कमी शोषला जातो. १७ मार्च १९८८ रोजी बैकानूरहून सुटलेल्या भारताच्या आयआरएस-१ए उपग्रहावर हा पट्टा टिपण्याची सोय नव्हती. ती डिसेंबर १९९५ च्या आयआरएस-१सी वर आली.

तरीही सागवानापुढे उपग्रह चकतो. मेळघाटातला साग दर उन्हाळ्यात पाने झाडून उघडा उभा राहतो; ती त्याची जातच आहे, दुष्काळ असो वा नसो. तेव्हा एकाच चित्रावरून निदान होत नाही. त्याच वनाची, त्याच पंधरवड्यातली, अनेक वर्षांची चित्रे शेजारी ठेवून यंदाची पानगळ नेहमीपेक्षा किती आधी झाली ते पाहावे लागते, आणि शंका आल्यास वनरक्षकाला त्या झाडांपर्यंत चालत जावे लागते.