श्रीगाडगेबाबा : लोकधनाचे निर्लेप विश्वस्त

परटाच्या घरी वस्त्रांना तोटा नसतो. लुगडी, धोतरे, अंगरखे, जरीची उपरणी यांचे गाठोडे त्याच्या ओसरीवर सदैव पडलेले असते. पण त्यातील एकही वस्त्र त्याचे नसते. बिब्ब्याच्या खुणेने ज्याचे त्याचे कापड ओळखून, ते स्वच्छ करून, घडी मोडू न देता ज्याच्या त्याच्या घरी पोचविणे हाच त्याचा धर्म. परक्याची वस्तू सांभाळावी, तिला हात लावावा, पण तिचा लोभ धरू नये, ही शिकवण आपल्या समाजाला पिढ्यान् पिढ्या नदीच्या घाटावरच मिळाली. याच समाजात जन्मलेल्या एका पुरुषाने ही शिकवण आयुष्यभर आचरून दाखविली. लाखो लोकांनी विश्वासाने त्याच्या स्वाधीन केलेले अन्न, वस्त्र आणि द्रव्य त्याने गरजवंतांच्या घरी पोचविले, आणि स्वतःच्या अंगावर मात्र चिंध्यांवाचून काही ठेवले नाही. त्या पुण्यपुरुषाचे, म्हणजे श्रीसंत गाडगेबाबांचे, चरित्र वाचकांपुढे थोडक्यात ठेवण्याचा हा अल्प प्रयत्न आहे.

बाबांचे मूळ नाव डेबूजी झिंगराजी जाणोरकर. त्यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे झाला. वडील झिंगराजी हे मद्याच्या व्यसनाला बळी पडले आणि डेबूजी लहान असतानाच निवर्तले. माता सखूबाई लहानग्याला घेऊन मूर्तिजापूरजवळील दापुरे या माहेरगावी आली. तेथे मामाच्या घरी गुरे राखणे, नांगर धरणे, पेरणी-कापणी करणे यांतच डेबूजीचे बालपण गेले. शाळेचे तोंड त्याला पाहावयास मिळाले नाही. परंतु काळ्या मातीत राबण्याचे शिक्षण पुरेपूर मिळाले.

याच घरात डेबूजीला जगाची दुसरी बाजूही दिसली. मामा चंद्रभान हा सरळ मनाचा शेतकरी. सावकाराच्या वहीत काय लिहिले जाते हे त्याला वाचता येत नव्हते आणि शब्दावर विश्वास ठेवण्याची त्याला सवय होती. फेडलेले कर्ज वहीत तसेच राहिले, व्याजावर व्याज चढले आणि अखेर घामाने पिकविलेली जमीन सावकाराच्या घशात गेली. त्या धक्क्याने मामाने अंथरूण धरले व त्यातच त्याचा अंत झाला. पुढे सावकाराची माणसे शेताचा ताबा घेण्यास आली तेव्हा तरुण डेबूजी नांगर सोडून त्यांच्यापुढे उभा राहिला, हा प्रसंग वऱ्हाडात आजही सांगितला जातो. खोट्या हिशेबाने एक कुटुंब कसे धुळीस मिळते, हे ज्याने डोळ्यांनी पाहिले, त्याच्याच हाती पुढे सबंध महाराष्ट्राने आपले धन दिले. बाबांच्या उत्तर आयुष्यातील कठोर निःस्पृहतेचे मूळ शोधावयाचे तर ते दापुऱ्याच्या त्या शेतात शोधावे लागेल.

१८९२ साली डेबूजीचा विवाह कुंताबाईंशी झाला. पहिल्या मुलीच्या बारशाला ज्ञातीच्या रिवाजाप्रमाणे मद्य आणि मांसाचे जेवण घालावे, असा आप्तेष्टांचा आग्रह पडला. ज्या मद्याने आपला बाप नेला ते आपल्या लेकीच्या पाळण्यापाशी नको, असा त्याचा निश्चय होता. त्याने गोडाचे जेवण घातले. ज्ञातबांधव रुष्ट झाले, पण तो डगमगला नाही. आपल्याच माणसांचा रोष पत्करून त्यांचे हित साधण्याचा त्याचा हा पहिला धडा होय.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी, ऐन तारुण्यात, भरला संसार मागे ठेवून डेबूजी घराबाहेर पडला. अंगावर अनेक रंगांच्या चिंध्या जोडून केलेले वस्त्र, हातात खराटा, आणि डोक्यावर मडक्याचे फुटके खापर. हे गाडगे उन्हात टोपीचे काम करी आणि भुकेच्या वेळी ताटाचे. लोक कोणी त्याला गोधडेबुवा म्हणत, कोणी चिंधेबुवा. कालांतराने गाडगेबाबा हेच नाव सर्वत्र रूढ झाले. गावात शिरताच ते प्रथम रस्ता झाडू लागत. कोणी भाकरी देऊ केली तर आधी काम मागत आणि लाकडे फोडून वा आवार झाडून मगच ती भाकरी घेत. फुकटचे खाणे त्यांना चोरीसारखे वाटे.

अमरावती जिल्ह्यात पूर्णा नदीच्या काठी ऋणमोचन नावाचे क्षेत्र आहे. तेथे पौष महिन्यातील रविवारी मोठी यात्रा भरते. त्या काळी नदीचा उतार चिखलाचा व निसरडा होता. स्नानाला उतरणाऱ्या बायाबापड्या घसरून पडत. बाबांनी कोणाची परवानगी वा मदत न मागता स्वतः माती ओढून वाट करावयास प्रारंभ केला. एकाचे पाहून दुसरा, दुसऱ्याचे पाहून दहा असे हात कामाला लागले. पुढे लोकवर्गणीतून १९०८ साली तेथे घाट उभा राहिला. बाबांच्या कार्यपद्धतीचे सारे रहस्य या एका घाटात सामावलेले आहे. आधी स्वतः राबावे, मग लोकांना हाक द्यावी. आणि काम पुरे झाले की तेथून निघून जावे.

याच ऋणमोचनला त्यांनी आंधळे, पांगळे, महारोगी व निराधार यांच्यासाठी अन्नदान सुरू केले. यात्रेत जो घास इतरांच्या पंक्तीतून उरला तर मिळे, तो घास या अभाग्यांना पंक्तीत बसवून सन्मानाने वाढला जाऊ लागला. अन्नाबरोबर वस्त्रेही दिली जात. नाशिक येथेही त्यांनी अशाच अपंग व अनाथ लोकांसाठी सदावर्त चालविले. या कामी त्यांच्यापाशी ना कचेरी होती, ना पगारी नोकर. कीर्तन हीच त्यांची कचेरी आणि श्रोते हेच त्यांचे स्वयंसेवक. दिवसा हातात खराटा घेऊन ते गाव स्वच्छ करीत आणि रात्री त्याच स्वच्छ केलेल्या जागी वऱ्हाडी बोलीत कीर्तनाला उभे राहत. श्रोत्यांना प्रश्न विचारावेत, त्यांच्याच तोंडून उत्तरे काढावीत, हसवता हसवता त्यांना अंतर्मुख करावे, ही त्यांची हातोटी. कर्ज काढून सण करू नका, देवापुढे मुके जनावर कापू नका, मद्याला शिवू नका, शिवाशीव पाळू नका, आणि एक वेळ भांडे मोडा पण लेकराला शाळेत घाला, हा त्यांच्या उपदेशाचा गाभा होता. अशा कीर्तनातून उठलेला मनुष्य रिकाम्या हाताने घरी जात नसे. कोणी धान्य देऊ करी, कोणी कापड, कोणी द्रव्य, आणि ज्याच्यापाशी यांतील काहीच नसे तो आपले दोन हात देई.

या देणगीच्या ओघातूनच धर्मशाळांची कल्पना आकारास आली. पंढरपूरच्या वारीला येणाऱ्या अस्पृश्य वारकऱ्यांना डोके टेकण्यास हक्काचे छप्पर नव्हते. १९१७ साली बाबांनी त्यांच्यासाठी चोखामेळा धर्मशाळेचे काम हाती घेतले. त्यामागून पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी आदी क्षेत्री धर्मशाळा उभ्या राहिल्या. तेथे उतरणाऱ्या गरीब यात्रेकरूला नुसती जागाच नव्हे तर स्वयंपाकाला भांडी आणि निजावयास अंथरूणही मिळावे, अशी व्यवस्था असे.

आता या चरित्रातील सर्वांत कठीण आणि सर्वांत अनुकरणीय भागाकडे वळू. लक्षावधी रुपयांच्या या वास्तू ज्यांच्या शब्दाने उभ्या राहिल्या, ते बाबा त्या वास्तूंत धन्याप्रमाणे कधी राहिले नाहीत. तेथील अन्न त्यांनी आपले मानले नाही. मागून आणलेली भाकरी ते बाहेर बसून खात. संस्थांची व्यवस्था त्यांनी विश्वस्तांच्या हाती सोपविली, आणि आपल्या वारसांचा वा नातेवाईकांचा या मालमत्तेवर कसलाही हक्क राहणार नाही अशी तजवीज केली. पत्नी कुंताबाईंच्या वाट्यास बाबांच्या कीर्तीतून सुखाचा एक घासही आला नाही. त्या माउलीने झोपडीतच दिवस काढले. त्यागाची ही दुसरी, मूक बाजू आपण विसरता कामा नये. १९२३ साली कोकणात खारेपाटण येथे कीर्तन चालू असता मुलगा गोविंद याच्या निधनाची वार्ता आली. तरीही बाबांनी कीर्तन थांबविले नाही. जमलेले शेकडो लोकही आपलेच, आणि जगात रोज मरणारी लेकरेही आपलीच, अशी ज्याची वृत्ती झाली होती, त्याने आपल्या एका दुःखासाठी लोकांचे काम अडवू दिले नाही.

जे आपले नाही ते योग्य हाती द्यावयास बाबा क्षणभरही कचरत नसत. चोखामेळा धर्मशाळेची वास्तू १९४९ साली त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला विद्यार्थ्यांच्या वसतिगृहासाठी देऊन टाकली. स्वतः निरक्षर असलेल्या या महात्म्याला विद्येचे मोल किती कळले होते, याची ही साक्ष होय. कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या शिक्षणकार्यालाही त्यांचा हृदयापासून पाठिंबा होता. १९५४ साली कराड येथे निघालेल्या महाविद्यालयाला कर्मवीरांनी बाबांचेच नाव दिले. १९५२ साली मुंबईत श्रीगाडगेमहाराज मिशनची स्थापना झाली, आणि १९५४ साली जे. जे. रुग्णालयाजवळ परगावच्या रुग्णांच्या नातेवाईकांसाठी धर्मशाळा उभी राहिली. आजारी माणसाला खाट मिळते, पण त्याच्या सोबत आलेली आई वा पत्नी पदपथावर रात्र काढते, ही गोष्ट बाबांच्या नजरेतून सुटली नाही. दान कोठे कमी पडते हे पाहण्याची दृष्टी त्यांना अशी होती.

डॉ. आंबेडकरांचे महानिर्वाण ६ डिसेंबर १९५६ रोजी झाले. त्यानंतर अवघ्या चौदा दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीच्या वाटेवर वलगावजवळ पेढी नदीच्या पुलापाशी बाबांनी देह ठेवला. जन्मभर वाटेवर राहिलेल्या या यात्रिकाला मृत्यूही वाटेवरच यावा, हे त्यांच्या जीवनाला साजेसेच झाले. अमरावती येथे त्यांची समाधी आहे. २००० साली महाराष्ट्र शासनाने त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले, आणि अमरावतीच्या विद्यापीठालाही २००५ साली त्यांचे नाव देण्यात आले.

ज्ञातिबंधू-भगिनींनो, बाबांची तसबीर आज आपल्या घराघरांत आहे. बाबा आपल्या समाजात जन्मले याचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे; परंतु बाबांनी जातीचा अभिमान स्वतः कधी बाळगला नाही, आणि अन्न वाढताना समोरच्याची जात कधी विचारली नाही, हेही त्या अभिमानाबरोबर ध्यानी धरले पाहिजे. त्यांना केवळ आपले म्हणून कोंडून ठेवणे म्हणजे त्यांनीच बांधलेल्या धर्मशाळेला आतून कडी लावण्यासारखे आहे.

गावोगावी समाजाचे तरुण वस्त्रे, धान्य, वह्या-पुस्तके गोळा करून गरजू कुटुंबांना वाटतात, ही आनंदाची गोष्ट आहे. त्या कार्यात बाबांच्या चरित्रातून चार गोष्टी घ्याव्यात. जुने वस्त्र द्यावयाचे तर ते धुऊन, टाका घालून, घडी करून द्यावे; मळके व फाटके दिल्याने दान होत नाही, केवळ घरातील अडगळ दुसऱ्याच्या दारात पडते. वस्तू शक्य तो घरी नेऊन द्यावी; घेणाऱ्याला व्यासपीठावर उभे करून त्याचे छायाचित्र काढू नये, कारण त्याच्या लेकरांना ते उद्या पाहावे लागते. जमलेल्या पै-पैचा व वस्तू-वस्तूचा लेखी हिशेब सर्वांसमोर ठेवावा. आपल्या पूर्वजांना न वाचता आलेल्या वहीने लुबाडले, निदान आपली वही तरी उघडी असावी. आणि गोळा करणाऱ्याने त्यातील काहीही आपल्या घरी नेऊ नये, मग ती वस्तू कितीही क्षुल्लक असो.

परटाच्या गाठोड्यातील वस्त्रे ज्याची त्याला गेली की गाठोडे रिकामे होते, आणि ते रिकामे होण्यातच त्याची पत असते. बाबांनी आपले गाठोडे अखेरच्या श्वासापर्यंत असेच रिकामे केले. आपल्या हाती आलेले परक्याचे धन आपणही तसेच पोचते करावे, हीच त्या पुण्यात्म्याला खरी आदरांजली होय.