रायगडाच्या वाटेवरचा इंग्रज वकील

शाळेत शिवराज्याभिषेकाचा धडा आला की त्यात एक इंग्रज हमखास भेटे. हेन्री ऑक्झिंडेन. तो महाराजांना मुजरा करी, नजराणा देई आणि धड्याबरोबरच संपे. माझे गाव रेवदंड्याजवळ. तो गेला ती वाट आमच्याच खाडीवरून जाते हे पुढे कळले, तेव्हा हा माणूस मुळात आला कशासाठी होता, हे शोधावेसे वाटले.

त्याचे काम अवघड होते. १६६० साली पन्हाळ्याच्या वेढ्यात राजापूरच्या इंग्रजांनी सिद्दी जौहरला तोफांची मदत केली. महाराजांनी १६६१ मध्ये त्यांची वखार लुटून इंग्रजांना कैदेत घातले. भरपाई मागायला अस्टिक आणि निकल्स हे वकील येऊन गेले, पण तंटा मिटला नाही. इकडे मुंबईला धान्य आणि सरपण लागे ते कोकणातून. सुरतेचा व्यापार मात्र मोगलांच्या मर्जीवर. मोगलांचा आश्रित जंजिऱ्याचा सिद्दी आपले आरमार मुंबई बंदरात आणू पाही, आणि महाराजांना ते खपत नसे. या कात्रीत सापडलेल्या गव्हर्नर ऑंजियरने मे १६७४ मध्ये ऑक्झिंडेनला रायगडाकडे धाडले.

तो चौलला पोहोचला तेव्हा पोर्तुगीजांच्या कोटाचे दरवाजे बंद झाले होते. रात्र बाहेरच काढावी लागली. तेथून खाडीने अष्टमी, मग निजामपूर करीत तो पाचाडला आला. महाराज प्रतापगडी भवानीच्या दर्शनाला गेलेले, म्हणून थांबणे आले. दुभाषा नारायण शेणवी बरोबर होता आणि बोलणी निराजीपंतांमार्फत चालत. सिद्दीशी तह करावा, असे ऑक्झिंडेनने सुचवून पाहिले. ते मुळीच मान्य झाले नाही. आपल्या किनाऱ्यावरचा तो काटा महाराजांना काढायचाच होता.

६ जूनला त्याने राज्याभिषेक पाहिला. सिंहासनाजवळच्या भाल्यांवरची सोन्याची मत्स्यमुखे, अश्वपुच्छे आणि न्यायाचा तराजू त्याने टिपून ठेवला. एवढ्या उंच गडावर हत्ती चढवले कसे, याचेही त्याला नवल वाटले. मला वाटते, ती रोजनिशी हीच त्याची खरी कमाई. व्यापारी हिशेबाने आलेल्या या माणसाने एका नव्या राज्याचा जन्म डोळसपणे लिहून ठेवला.

१२ जूनला तह झाला. राजापूरच्या नुकसानीबद्दल दहा हजार होन आणि अडीच टक्के जकातीवर व्यापाराची मुभा इंग्रजांना मिळाली. दोन गोष्टी मात्र मिळाल्या नाहीत. किनाऱ्याला लागलेल्या फुटक्या गलबतांवरचा हक्क कोकणच्या जुन्या रिवाजाप्रमाणे राजाचाच राहिला. आणि इंग्रजी नाणे रयतेने घेतलेच पाहिजे, असा हुकूम काढायला महाराज तयार झाले नाहीत. नाणे चोख असेल तर लोक आपण होऊन घेतील, हा त्यामागचा विचार.

ऑंजियर १६७७ मध्ये वारला आणि ऑक्झिंडेन मुंबईचा डेप्युटी गव्हर्नर झाला. पण त्याने जोडलेली मैत्री टिकली नाही. १६७९ मध्ये महाराजांनी खांदेरीवर कोट बांधायला घेतला आणि मराठे व इंग्रज समुद्रावर एकमेकांना भिडले. खांदेरी मराठ्यांकडेच राहिली. शेजारची उंदेरी सिद्दीने बळकावली.

मग ऑक्झिंडेनची वकिली फुकट गेली का? थळच्या किनाऱ्यावरून ही दोन्ही बेटे पाहताना मी स्वतःला हे अनेकदा विचारले आहे. सिद्दीचा प्रश्न त्याने रायगडावर मांडला तेव्हाच त्याला नकार मिळाला होता. जे दोन्ही पक्षांना हवे होते तेवढेच तो कागदावर आणू शकला. जे एकालाच हवे होते ते समुद्रावर तोफांनी ठरले. वकिलाच्या हाती याहून जास्त काय असते? पण त्याने जे पाहिले ते खरे लिहिले, म्हणून साडेतीनशे वर्षांनंतरही त्या दिवसाचा रायगड आपल्याला दिसतो. एवढ्यासाठी तरी या परक्या पाहुण्याचे ऋण आपण मानावे.